खडखडाटामागचा आवाज

मित्रांनो, माझं नाव खडखड्या. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या कपाळावर एक भारदस्त, लांबलचक नाव छापलेलं होतं, पण साबणाच्या पाण्याने ते केव्हाच धुऊन गेलं. दुसऱ्यांचे डाग काढता काढता माझंच नाव गेलं म्हणा ना! मी कपडे धुण्याचं एक जुनं मशीन आहे. एका लहानशा लाँड्रीच्या मागच्या खोलीत मी उभा असतो. मी चालायला लागलो की शेजारच्या किराणा दुकानातल्या बरण्या एकमेकींवर किणकिणायच्या आणि दुकानदार ओरडायचा, "सुरू झाला बाबा खडखड्या!" तेव्हापासून हेच नाव चिकटलं. मला त्याचा राग नाही. उलट या आवाजाचा मला भारी अभिमान होता. का, ते सांगतो.

मी पहिल्यापासून असा नव्हतो बरं का. आलो तेव्हा अगदी नवाकोरा होतो. पांढराशुभ्र पत्रा, गोल काचेचं दार, आत चकचकीत पोलादी ड्रम. हमालांनी मला उचलून आत आणलं तेव्हा दारात बघ्यांची ही गर्दी! लाँड्रीची मालकीण म्हणजे ताई. सगळी गल्ली तिला ताई म्हणते आणि ती सगळ्या गल्लीला दम देते. त्या दिवशी मात्र ती माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "आता बघा, कसा गल्लीचा कायापालट करते!" गल्लीचं मला ठाऊक नाही, पण चादरींचा मी केला. हॉटेलच्या चादरी, सलूनचे टॉवेल, खानावळीचे टेबलक्लॉथ, शाळेतल्या नाटकाचे पडदे, सगळं माझ्या पोटात गेलं आणि स्वच्छ होऊन बाहेर आलं. शाईचे डाग म्हणू नका, चहाचे म्हणू नका, ग्रीसचे म्हणू नका, मी कुणाला दाद दिली नाही.

पण यंत्राच्या जातीचं कौतुक थोडेच दिवस टिकतं. पुढे माझा एक पाय झिजला, त्याखाली लाकडाची चकती सरकवली गेली. पट्टा सैल झाला, बेअरिंग कुरकुरायला लागलं. जो येईल तो माझं दार धाडकन लावायचा. ताईला गिऱ्हाइकांपुढे मान वर करायला फुरसत नसायची. माझी आठवण ठेवून तेल-ग्रीस घालणारा एकच माणूस होता. ताईचा धाकटा भाऊ. ताईचा भाऊ म्हणून सगळी गल्लीही त्याला भाऊच म्हणते.

भाऊ अडखळत बोलतो. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच अडून बसतो. मग भाऊचे डोळे मिटतात, मान ताठ होते, समोरचा माणूस घड्याळ बघायला लागतो. लहानपणी वर्गात धडा वाचायला उभं केलं की पोरं फिदीफिदी हसायची, आणि मधल्या सुट्टीत ताई त्या पोरांच्या पाठीत धपाटे घालायची. तेव्हापासूनच तिला एक सवय जडली. भाऊ अडला की त्याचं वाक्य तीच पुरं करून टाकते. मायेने करते, पण करतेच. त्याला पाणी हवं असतं आणि ती पायमोजे आणून देते, कारण शब्द पुरा होईपर्यंत थांबतंय कोण? भाऊही मग निमूटपणे पायमोजे घेतो.

पूर्वी तो पुढे काउंटरवर बसायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने त्याच्या तोंडावर त्याची नक्कल केली आणि दुकानातले बाकीचेही खो-खो हसले.  भाऊने त्या माणसाचे कपडे नीट बांधून दिले आणि मागच्या खोलीत माझ्यापाशी आला, तो कायमचाच.

आणि मित्रांनो, तिथेच आमची गट्टी जमली. मी कपडे पिळायला लागलो, माझा खडखडाट टिपेला पोचला, की भाऊ बोलायला लागायचा. सरळ! एकही शब्द न अडता! स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नसला की त्याची जीभ मोकळी सुटायची. बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो कपड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायचा. "कोमट पाण्यात धुवा. उन्हात वाळवू नका. पिळताना जपा." असं झोकात वाचायचा की वाटावं, मोठ्या सभेत भाषण चाललंय. मी थांबलो की तोही थांबायचा. हे गुपित माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मग भाऊला मुलगी झाली.

भाऊची बायको, म्हणजे आमची वहिनी, बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते आणि दुपारी पावाचा वास घेऊन परत येते. तोवर बाळ लाँड्रीत असायचं. टॉवेलांच्या टोपलीत मऊ घड्यांमध्ये तिला झोपवलेलं असायचं. एकदा सलूनवाले काका टॉवेल न्यायला आले आणि घाईघाईत तिच्यासकट टोपली उचलून निघाले. "अहो काका, ठेवा खाली! ती गठडी आमची आहे!" ताई ओरडली. झालं, त्या दिवसापासून तिचं नाव गठडी.

भाऊने गठडीचं काय केलं नाही? तिला अंघोळ घातली, दूध पाजलं, तिची दुपटी स्वतःच्या हाताने वेगळी धुतली, कारण माझ्यासारख्या धसमुसळ्यावर त्याचा तेवढा भरवसा नव्हता. पण तो तिच्याशी बोलायचा नाही. एक अक्षर नाही. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, हुंकार द्यायची, उत्तराची वाट बघायची, आणि तो नुसता मान हलवायचा. मला फार वाईट वाटायचं. खोलीत बाप असून मुलीच्या कानावर आवाज माझाच!

याचं कारणही मला एका दुपारी कळलं. लस टोचायला गेले होते तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी वहिनीला जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक दिलं होतं. लपलेल्या प्राण्यांचं पुस्तक. एका पानावर प्रश्न आणि पान उलटलं की उत्तर. कपाटात कोण? बेडूक! बादलीत कोण? बदक! पिशवीत कोण? पोपट! "बाळ मोठं व्हायची वाट बघू नका, आत्तापासून वाचून दाखवा, आणि दोघांनीही दाखवा," असं नर्सबाईंनी बजावलं होतं. वहिनी घरी येऊन पिठाचे हात धुवायची आणि लगेच गठडीला मांडीवर घेऊन वाचायला बसायची.

ताईला हसू आवरेना. "अगं, तिला अजून मान धरता येत नाही आणि पुस्तक कसलं वाचतेस? चादरीला गोष्ट सांगितल्यासारखं आहे ते!"

"चादर माझ्याकडे बघून पाय नाही हलवत, ताई," वहिनी म्हणाली. मग ती भाऊकडे वळली. "उद्या सकाळी तू वाच. मी बेकरीत असते, तेव्हा तूच असतोस तिच्याजवळ."

ताईचं हसू तिथल्या तिथे मावळलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्याला नको लावूस या भानगडीत. आमचे बाबाही असेच अडखळायचे. त्यांचं ऐकून ऐकून याला लागलं. आता हिलाही लागायचं."

"ऐकून लागायला ते काय सर्दी-पडसं आहे का? नर्सबाईंना विचारलंय मी. असं काही नसतं म्हणाल्या."

"नर्सबाईंना वर्गात कुणी हसलं होतं का गं? मी पाहिलंय ते सगळं. रोज पाहिलंय. या पोरीच्या वाट्याला नको."

 भाऊ खिडकीपाशी इस्त्री करत होता. त्याने मान वर केली नाही, पण एका शर्टाच्या एकाच बाहीवरून तो किती वेळ इस्त्री फिरवत राहिला! मला तेव्हा समजलं. त्याला बोलायची लाज वाटत नव्हती, त्याला भीती वाटत होती. आपल्या जिभेतला काटा पोरीच्या जिभेत रुतू नये, म्हणून तो बिचारा मुका झाला होता. सगळ्या गल्लीत त्याला जिच्याशी बोलावंसं वाटत होतं ती एवढीशी पोर, आणि तिच्याशीच त्याने अबोला धरला होता.

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी गठडीने रडून आकाशपाताळ एक केलं. दूध झालं, लंगोट बदलून झाला, पाठीवर थोपटून झालं, पण ती ऐकेना. पुढे काउंटरवर ताईपाशी गिऱ्हाइकांची झुंबड होती. भाऊने तिला खांद्यावर घेतलं आणि तो माझ्यापुढे येरझारा घालायला लागला. मी नेमका हॉटेलच्या चादरी पिळायला लागलो होतो. खडखड, खडखड, खडखड! सवयीने भाऊचं तोंड उघडलं. समोर साबणाच्या पावडरीचा डबा होता, तोच तो वाचायला लागला. "डबा कोरड्या जागी ठेवा. पावडर डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा." गठडीचं रडणं हुंदक्यावर आलं. "मळक्या कपड्यांसाठी मोजून टाका. लोकरीसाठी वापरू नका." ती गप्प झाली. तिने आपला गाल बापाच्या छातीला चिकटवला आणि डोळे मोठे करून ती ऐकायला लागली. हो, ऐकायलाच! माझ्या आवाजात भाऊला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तिचा कान त्याच्या बरगड्यांना टेकला होता. तिला तो आतून ऐकू जात होता.

भाऊने सगळा डबा वाचून काढला, कारखान्याच्या पत्त्यासकट. मग फळीवरचं पुस्तक घेतलं. कपाटात कोण? बेडूक! बादलीत कोण? बदक! पिशवीत कोण? पोपट! एकदा वाचलं, परत वाचलं, मी पिळून थांबेपर्यंत वाचतच राहिला. त्याचा चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू! मला वाटलं, आज माझ्या पत्र्याचं सोनं झालं.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. सकाळी वहिनी बेकरीत आणि ताई काउंटरवर असायची. मी पिळायला लागलो की भाऊ गठडीला छातीशी धरून वाचायला लागायचा. मी तर अंगात आल्यासारखा खडखडायचो. चकतीवरचा पाय मुद्दाम आपटायचो. शेजारचा दुकानदार भिंतीवर बुक्क्या मारायचा, मारू दे! मधल्या काळात गठडीला दात आले आणि तिने पुस्तकाचा कोपरा चावून चावून भुगा केला. ती बसायला लागली, रांगायला लागली. पान उलटायच्या आधीच तिचा हात पुढे यायचा. बेडूक आला की ती टुणकन उडायची, पोपट आला की मान हलवायची. ताईला कोण कौतुक! "बघा, माझ्या भाचीला पुस्तकातलं सगळं कळतं," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. चादरीला गोष्ट सांगण्याचं ती सोयीस्कर विसरली होती.

एकदा वहिनी लवकर सुटली आणि मागच्या दाराने आत आली. भाऊची तिच्याकडे पाठ होती. मी जोरात होतो. तिला त्याचा आवाज ऐकू येईना, पण त्याच्या गालाची हालचाल दिसली, पुस्तक दिसलं, गठडीचं खिदळणं दिसलं. ती दारातच थबकली. मी थांबलो, भाऊ वळला, आणि चोरी पकडली गेल्यासारखा लाल झाला.

"मला का रे नाही सांगितलंस?" तिचे डोळे भरून आले होते.

भाऊने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा च... च... चालू असला की ज... जमतं."

वहिनीने त्याला वाक्य पुरं करू दिलं. ती नेहमीच करू देते. मग म्हणाली, "अरे, पण मोठी झाल्यावर ती तुझ्या छातीशी किती दिवस राहणार? एखाद्या दिवशी या खडखड्याशिवाय वाच ना. तिला तुझा आवाज नीट ऐकू दे."

भाऊने जोरजोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही. खरं सांगतो मित्रांनो, मला वहिनीचा थोडा राग आला होता. एवढं चांगलं चाललंय, मला कशाला मध्ये आणता?

पण माझं वय झालं होतं. एका सकाळी आतून असा काही आवाज आला की मीच दचकलो. ड्रम अर्ध्या गिरकीत अडकला, जळका वास सुटला आणि टेबलक्लॉथ पाण्यात तसेच बुडालेले राहिले. मिस्त्री आला. त्याने माझी पाठ उघडली, बॅटरी मारून आत पाहिलं आणि तो चुकचुकला. "ताई, बेअरिंग गेलं, ड्रमला तडा गेलाय, मोटरही गेली. याच्यात आता पैसे ओतण्यात अर्थ नाही. नवीन घ्या. हल्लीची मशीन इतकी शांत असतात, की शेजारी बाळ झोपलं तरी जागं होत नाही!"

मिस्त्रीला वाटलं, बाळ असलेल्या घरात आपण लाखमोलाचं बोललो. भाऊचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मिस्त्री गेल्यावर तो पाना घेऊन माझ्यामागे शिरला. कुठे ग्रीस लावलं, कुठे पट्टा ओढून बसवला, हाताने ड्रम फिरवून पाहिला. ताई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अरे, भंगारावर एवढा जीव का लावतोस?"

"ताई, मला त... त..."

"तहान लागली? आणते पाणी."

भाऊने पाणी पिऊन टाकलं. त्याला काय सांगायचं होतं ते पोटातच राहिलं. मीही हलायची शिकस्त केली हो, पण नुसता एक आचका आला आणि मी कायमचा थांबलो.

नवीन मशीन आलं. रुबाबदार, करड्या रंगाचं, अंगावर बारीक बारीक दिवे. मला ढकलून भिंतीकडेला लावलं गेलं. भंगारवाल्याला निरोप गेला. ताईने नवीन मशीनमध्ये चादरी टाकल्या, बटण दाबलं, आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो. आवाज म्हणून नाही! "चालू झालं का?" ताईने काचेला कान लावून विचारलं. झालं होतं. शेजारचा दुकानदार तर काळजीने बघायला आला की लाँड्री बंद पडली की काय.

खोलीत शांतता पसरली आणि भाऊचं वाचन बंद झालं.

गठडी आता धरून उभी राहायला लागली होती. सकाळ झाली की ती पुस्तक ओढत माझ्यापाशी यायची आणि माझ्या पत्र्यावर तळहाताने धपाधप मारायची. खडखड्या वाजला की बाबा वाचतो, एवढं तिचं साधंसुधं गणित होतं. मी वाजेना. मग ती भाऊकडे बघायची, पुन्हा मला मारायची, पुन्हा त्याच्याकडे बघायची. भाऊ तिला उचलून घ्यायचा, गालाला गाल लावायचा, ओठ उघडायचा आणि मिटायचा. ती त्याच्या छातीला कान लावायची. आत काहीच वाजत नव्हतं. हळूहळू तिने माझ्यापाशी येणं कमी केलं. एका सकाळी तिने पुस्तक टोपलीखाली टाकून दिलं आणि दिवसभर कपड्यांच्या चिमट्यांशी खेळत राहिली. भाऊने ते पाहिलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल, तुम्हीच सांगा. आयुष्यभर मी खडखडाट केला, आणि तो हवा होता तेव्हाच माझ्या अंगात आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी कामावरून आली. गिऱ्हाइकं नव्हती, म्हणून ताई मागच्या खोलीत येऊन चादरींच्या घड्या घालत होती. नवीन मशीन चालू होतं, म्हणजे सगळं चिडीचूप होतं. भाऊने टोपली बाजूला केली, पुस्तक उचललं, पुसलं आणि गठडीला घेऊन माझ्या माथ्यावर बसला. हात धुणारी वहिनी जागच्या जागी थांबली. 

भाऊने पहिलं पान उघडलं. "क... क... कपाटात कोण?"

त्या शांत खोलीत त्याचा आवाज केवढा मोठा वाटला! ताईने चादर खाली ठेवली. गठडीने चमकून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. भाऊने पान उलटलं.

"ब..." शब्द अडला. "ब... ब..." त्याचे डोळे मिटले, मान ताठ झाली, कपाळावर घाम आला. मी इतका जुना, गंजका, पण माझ्या प्रत्येक नटबोल्टाला वाटत होतं, अरे ये रे बाबा शब्दा, एकदाचा बाहेर ये! "ब... ब... बेडूक!"

आणि गठडी हसली. नुसती हसली नाही, खदाखदा हसली, पोट धरून हसली.

भाऊने पुस्तक मिटलं. मित्रांनो, तसा चेहरा मी फक्त एकदा पाहिला होता, तो काउंटरवरून उठून मागे आला त्या दिवशी. जन्मभर लोक हसले ते हसले, आता पोटची पोरही हसली. ताई पुढे झाली. "मी सांगत होते ना. पुरे आता. आण ते पुस्तक इकडे, मी वाचते तिला."

भाऊने पुस्तक तिच्यापुढे धरलंही. पण गठडीने मध्येच ते हिसकावलं. मांडीवर घेतलं, बोटांनी पानं चाचपली आणि तेच पान उघडलं. कपाटाचं. त्यावर तिने तळहात आपटला आणि बापाकडे तोंड वर करून बघत राहिली. तोंड उघडं, श्वास रोखलेला, डोळ्यांत नुसती उत्सुकता. वहिनी माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि भाऊच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अरे वेड्या, ती तुला नाही हसली. बघ तरी तिच्याकडे. बेडूक बाहेर कधी येतोय याची वाट बघतेय ती. तुझ्याइतकी मजा आणून मला कधी वाचताच आलं नाही."

भाऊने गठडीकडे पाहिलं.  मग पुन्हा म्हणाला, "कपाटात क... कोण?" पान उलटलं. "ब... ब..."

"बेडू..." ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"थ... थांब, ताई." भाऊने हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा. "म... मला म्हणू दे."

ताईने तोंडावर हात ठेवला.  गठडी पुढे पुढे झुकत गेली. तिचं नाक आता भाऊच्या नाकाला लागायचंच बाकी होतं. "ब... ब... ब..." तिच्या पायांची बोटंसुद्धा आखडली होती. "बेडूक!"

काय हसली ती! टाळ्या पिटल्या, उड्या मारल्या, माझ्या पत्र्यावर लाथा झाडल्या. आणि या वेळी भाऊही हसला. अडखळून झाल्यावर हसणारा भाऊ मी तोवर पाहिलाच नव्हता. ताई भिंतीला टेकून खाली बसली आणि नुकत्याच घडी घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडली. ती चादर परत धुवावी लागली, ते असो.

तुम्ही म्हणाल, मग भाऊचं अडखळणं गेलं असेल. छे हो! अजून तसाच अडतो. बदकावर अडतो, पोपटावर अडतो, कधी कधी तर स्वतःच्या नावावरही अडतो. पण आता तो डोळे मिटत नाही. गठडीकडे बघत अडतो. गठडीला वाटतं, गोष्टी अशाच सांगायच्या असतात. वहिनी भरभर वाचायला लागली की ती तिच्या ओठांवर बोट ठेवून तिला थांबवते! ताईचं म्हणाल तर ती शिकते आहे. भाऊ बोलायला लागला की ती एक चिमटा ओठांत धरते. परवा त्याने पाणी मागितलं आणि त्याला पाणीच मिळालं.

भंगारवाला उद्या सकाळी येणार आहे. माझा पत्रा कुठे जाईल, ड्रमचं काय होईल, ठाऊक नाही. जाण्याआधी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या ऐका. घरातल्या यंत्रांना वेळच्या वेळी तेल घाला, आमची दारं धाडधाड लावू नका. आम्ही बोलत नसलो तरी आम्हाला लागतं. आणि तुमच्या घरात बाळ आलं, मग ते तुमचं भावंड असो, नाहीतर पुढे तुमचं स्वतःचं लेकरू असो, तर त्याला वाचून दाखवा. त्याला कळायला लागण्याची वाट बघू नका. चांगल्या आवाजाची वाट बघू नका. पुस्तक नसेल तर साबणाचा डबा वाचा. तुमचा आवाज घोगरा असो, चिरका असो, अडखळता असो, बाळाने अजून दुसरा चांगला आवाज ठरवलेलाच नसतो. तुमचाच आवाज त्याच्यासाठी चांगला. आणि कुणी बोलताना अडलं तर थांबा. त्याचा शब्द त्यालाच म्हणू द्या.

मी आणखी खूप बोललो असतो. पण ते बघा, भाऊ गठडीला घेऊन माझ्या माथ्यावर येऊन बसला, पुस्तक उघडलं. आता जरा गप्प बसा, मित्रांनो. आज मला ऐकायचं आहे.